माप बदलले, मुले तीच

दहावीचा निकाल लागला की टक्केवारीची चर्चा गावोगाव होते. परंतु ती टक्केवारी कोणत्या मापाने मोजली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. मार्च २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढील वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळांकडचे २० गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० साली तो ९५.३० टक्के झाला. २०२१ साली करोनामुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, तेव्हा शाळांनी दिलेल्या गुणांवर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. तथापि विद्यार्थ्यांची बुद्धी एका वर्षी घटत नाही आणि दुसऱ्या वर्षी वाढत नाही. मुख्यतः बदलले ते माप.

यावरून तोंडी परीक्षा निरर्थक ठरवणे मात्र चुकीचे होईल. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी, गोंडी वा बंजारा बोलणाऱ्या घरांतील अनेक मुले समजलेले नेमके सांगतात, पण प्रमाण मराठीत लिहिताना अडखळतात. त्यांचे ज्ञान केवळ लेखणीने मोजणे अन्यायाचे आहे. दोष तोंडी परीक्षेचा नाही. ती न घेताच गुण वाटण्याचा आहे.

अर्थशास्त्राचेच पाहा. ‘किमान आधारभूत किंमत म्हणजे काय?’ या प्रश्नाने पाठांतर कळते. ‘बाजारभाव हमीभावाहून कमी असतानाही वणी-पांढरकवड्याचा शेतकरी कापूस व्यापाऱ्याला का विकतो?’ असे विचारले, तर आकलन कळते. रोख पैशांची निकड, वाहतुकीचा खर्च, ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असल्यास खरेदी केंद्रावर मिळणारा नकार, ही उत्तरे गाइडमध्ये सापडत नाहीत. व्याख्येसाठी वस्तुनिष्ठ प्रश्न, युक्तिवादासाठी दीर्घोत्तर आणि उपयोजनासाठी प्रत्यक्ष आकडेवारी, अशी साधनांची निवड उद्दिष्टानुसार व्हावयास हवी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिला आहे. ते विश्वसनीय व्हावयाचे तर निकष आधी जाहीर करावेत, तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांना परत द्याव्यात आणि काही नमुने अन्य संस्थेतील शिक्षकांनी पुन्हा तपासावेत. शिक्षकांच्या रिक्त जागा भरल्यावाचून हे साधणार नाही, याचेही भान शासनाने ठेवावे.

फुगवलेल्या गुणांची किंमत सधनांची मुले चुकवीत नाहीत; त्यांच्यामागे शिकवणी असते, ओळखी असतात. ज्याच्यापाशी गुणपत्रिकेखेरीज दुसरे भांडवल नाही, त्याच्या हाती खोटे नाणे देण्याचा अधिकार आपणांस नाही.