शनिवार-रविवारचं पिल्लू

आंदर मावळात टाकवे, वडेश्वरकडे फार्महाउसं झाली, आणि त्यांत हौसेनं आणलेली पिल्लंही. पाच दिवस पिल्लू राखणदाराकडे. शनिवारी मालक येणार, फरशीवर शू दिसली की पिल्लाचं नाक त्यात घासणार. म्हणे शिस्त लागते! डोंबलाची शिस्त! दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवतच नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्या, मावळातल्या धो धो पावसातसुद्धा. तिथे केली की तिथल्या तिथे शाबासकी. नाक घासून ते एवढंच शिकतं, की माणसासमोर नको, कपाटामागे करू. मंडळी, हे रोजचं काम आहे. जमत नसेल तर राखणदाराला नीट शिकवा, त्याचे वेगळे पैसे द्या. तेही नको असेल, तर पिल्लू आणूच नका.