आराखडा कोणाच्या हाती?

पाथरीवरून जाणारा कल्याण–निर्मल महामार्ग गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीवरून जातो. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याखालची माती किती खोल बदलावी, मोऱ्या कोठे व केवढ्या ठेवाव्यात, हे येथे चुकले तर वरचे डांबर कितीही चांगले असो, रस्ता खचतो आणि तुंबलेले पाणी शेतांत शिरते. हे कोणी ठरवावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

जुन्या पद्धतीत सार्वजनिक बांधकाम खाते आराखडा करी आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदींनुसार ठेकेदारास पैसे मिळत. तिच्यात दिरंगाई होती, वाढीव बिलांचा भ्रष्टाचारही होता; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. २०१२ नंतर टोलवसुलीवर उभे असलेले ठेके अडचणीत आले आणि आराखडा व बांधणी ठराविक रकमेत एकाच ठेकेदाराकडे सोपविणारी ईपीसी पद्धत महामार्गांवर रूढ झाली. ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग अशाच सोळा ठेक्यांत बांधला गेला. जबाबदारी एकाची राहते, वेळ वाचतो, हे लाभ खरे आहेत.

परंतु रक्कम ठरलेली असली म्हणजे खर्चातील प्रत्येक काटकसर हा ठेकेदाराचा नफा होतो. आणि आराखडाही त्याचाच असल्याने काटकसर कोठे करावयाची हेही तोच ठरवितो. मातीखाली गाडलेली काटकसर दोषदायित्वाची मुदत संपल्यावर उघडी पडली, तर दुरुस्तीचा भार जनतेवर येतो. मुदतीच्या घाईचा भार मात्र मजूर आजच वाहतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर तुळया बसविणारे यंत्र कोसळून वीस जण ठार झाले, हे आपण विसरता कामा नये.

ठेकेदार कोकण रेल्वेवरही होते. मधु दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये तिचे सार्वजनिक महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. मार्गाची आखणी आणि देखरेख महामंडळाच्या अभियंत्यांनी आपल्या हाती ठेवली होती. विकत घेणाऱ्याला मालाची पारख हवी; शासनाने ती गमावली, तर कोणतीही ठेकापद्धत त्याला तारणार नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ठेकेदाराचा आराखडा भाडोत्री सल्लागाराच्या सहीवर न सोडता खात्याच्या अभियंत्यांनी तपासावा व त्यासाठी रिक्त पदे भरावीत. मंजूर आराखडा आणि ठेक्याच्या अटी मराठीत पंचायत समितीत लावाव्यात. मजुरांच्या सुरक्षिततेचा खर्च ठेक्यात वेगळा दाखवावा.

माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये नागरिकास शासकीय कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. पाथरी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी रस्त्याचे पुढचे काम निघताच हा हक्क बजवावा. डांबर पडल्यावर खालची माती कोणालाच दिसत नाही.