हिशोबातले अनोळखी नाव

भाईजानांच्या छोट्या कंपनीच्या कार्डाचे स्टेटमेंट आले. त्यात ‘पॅडल.नेट’ या नावाने बाराशे रुपये कापलेले. या नावाचे काही घेतल्याचे कुणालाच आठवेना. कार्ड हिशोब लिहिणाऱ्या मुलाच्या हाती असते, म्हणून शंका थेट त्याच्यावर गेली. आम्हीही मान डोलावली. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे, हे वर्गात शिकवणारे आम्हीच!

संध्याकाळी ती ओळ पुन्हा वाचली. नावापुढे चांदणीची खूण आणि मग तुटकी अक्षरे. पॅडल ही लंडनची कंपनी. इतरांची सॉफ्टवेअर विकते आणि पैसे आपल्या नावाने घेते. सॉफ्टवेअरचे नाव चांदणीनंतर येते, तेही जागेअभावी अर्धवट. ईमेलमध्ये ‘पॅडल’ शोधले, तर पावती भाईजानांच्याच नावे! पीडीएफ जोडण्यासाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर आठवडाभर मोफत म्हणून घेतले होते. मुदत संपली, वर्गणी सुरू झाली. पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेकडून येणारा संदेशही त्यांच्याच मोबाइलमध्ये न वाचता पडलेला. पावतीतल्या लिंकवरून वर्गणी बंद केली.

पावती सापडली नसती, तर कार्ड लगेच बंद करून बँकेला लेखी कळवावे लागले असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या नियमानुसार, बाहेरच्या कुणी फसवले असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोशीस लागत नसे. त्यात दिवस संदेशापासून मोजायचे होते. महिनाअखेरच्या स्टेटमेंटची वाट पाहून चालत नाही.

भाईजानांनी त्या मुलाला त्याच संध्याकाळी चहा पाजला. माफी मागायला मात्र दोन दिवस लागले.