यंत्राची संहिता कोण वाचणार?

लॅपटॉपवर लिनक्स चालवणे हा संगणकवाल्यांचा छंद; साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे काय, असा सूर मराठीच्या विभागांतून अनेकदा ऐकू येतो. वरवर नम्र वाटणाऱ्या ह्या सुरात आम्हांला निव्वळ आळस दिसतो. पाठभेदातल्या एका अनुस्वारावरून चार पाने लिहिणारे आपण, ती पाने ज्या यंत्रावर लिहितो त्याविषयी ‘त्यातले आम्हांला काही कळत नाही’ असे काहीशा अभिमानानेच सांगतो.

वास्तविक युनिक्स वाढली ती मजकुराच्या आधाराने. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ती आरंभली, तेव्हा नवे यंत्र मागण्यासाठी सबळ कारण हवे होते. मजकूर-संपादनाची सोय हे ते कारण ठरले, आणि १९७१ मध्ये संस्थेच्या पेटंट विभागातले टंकलेखक युनिक्सवर काम करू लागले. ‘ग्रेप’ ह्या शोध-आज्ञेची हकिकत तर थेट आपल्या अंगणातली आहे. ब्रायन कर्निगन ती सांगतात. ली मॅकमहन ह्या सहकाऱ्याला १७८७-८८ मधील ‘फेडरलिस्ट पेपर्स’चे कर्तृत्व तपासायचे होते, कोणता निबंध हॅमिल्टनचा नि कोणता मॅडिसनचा, हा वाद जुनाच. तो सारा मजकूर त्या काळच्या संपादकात मावेना, म्हणून टॉम्प्सनने त्यातला शोधाचा भाग वेगळा काढून दिला. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव एक की दोन, हा वाद १८९८ पासून चघळणाऱ्या आपल्या परंपरेला हे परके का वाटावे?

लिनक्स वा बीएसडीची बरीचशी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत असते. ती वाचता येते, बदलता येते. कळफलकाचा नकाशाही तशीच एक फाइल. ‘दऱ्या’तला ऱ हवा त्या कळेवर आणता येतो. अक्षरे मोजायला सांगा, ‘क्षि’ची चार चिन्हे भरतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. ही यंत्राची चूक, की ‘अक्षर’ म्हणजे काय याविषयी घेतलेली एक भूमिका? छंदःशास्त्राच्या अध्यापकांनी इथे मौन बाळगणे आम्हांला लाजिरवाणे वाटते. आज्ञेचा स्रोत खुला आहे. वाचून आक्षेप घेता येतो, पर्याय लिहिता येतो. बंदिस्त प्रणालीत ह्यातले काय करता येईल?

अडचणी आहेत. काही लॅपटॉप झोपेतून नीट उठत नाहीत, कुठे वायफायचे फर्मवेअर वेगळे मिळवावे लागते. शिवाय खिडक्यांचे रंग बदलण्यात वर्ष घालवून एक परिच्छेदही न लिहिणारे भक्त आम्हांलाही ठाऊक आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११च्या अटींत, विशेषतः टीपीएम २.०च्या अटीत, न बसणारे पण धडधाकट असे लॅपटॉप विभागाच्या कपाटांत पडून असतील. त्यांतला एखादा बाहेर काढून त्यावर डेबियन बसवावे, आणि संशोधनपद्धतीच्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. पहिला स्वाध्याय ‘ग्रेप’चा: ज्ञानेश्वरीच्या एखाद्या युनिकोड प्रतीत ‘म्हणौनि’ कुठे कुठे येते, ते काढून दाखवा.