सोनगीरचा तांबट आणि आंकड्यांचा सांचा

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरांवर सोनगीर लागतें. किल्ल्याच्या पायथ्याचें हें गांव तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांतही या धंद्याचा उल्लेख सांपडतो. गिऱ्हाइकानें ‘हंडा असाच हवा, पण गळा थोडा आंखूड’ असें सांगावें आणि तांबटानें तें मनांत धरून पत्रा ठोकावा, ही रीत आपल्या घरांतील वडील माणसांस ठाऊक आहे. संगणकावर झालेली एक नवी सोय याच रीतीची बहीण आहे. तिचा विचार आज करूं.

संगणकावर वस्तूचें रेखन करण्याची विद्या तशी जुनी आहे. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत ‘स्केचपॅड’ सिद्ध केलें. रेषांचा परस्परसंबंध त्यांत सांगून ठेवला म्हणजे एक रेषा हालवितांच बाकीच्या आपोआप जुळत. आज ‘ओपनएसकॅड’ या प्रणालींत वस्तूचें चित्र काढीत नाहींत, तर तिचा नियम लिहितात. हंड्याची अर्धी कड लिहून ती मधल्या आंसाभोंवतीं फिरविली, कीं पुरा हंडा तयार होतो. उंची, पोट व गळा यांचे आंकडे मोकळे ठेवले, तर एकाच नियमांतून नाना मापांचे हंडे निघतात.

गिऱ्हाइकास ही प्रणाली शिकावी लागत नाहीं. तो मोबाइलवर एक पान उघडून मापें भरतो. तीं दूरच्या सर्व्हरकडे जातात. तेथें तीं नियमांत बसून आकृति घडते व परत येते. ‘थिंगिव्हर्स’ या संकेतस्थळानें २०१३ सालीं अशी सोय सर्वांस खुली केली.

परंतु सर्व्हर हा फार आज्ञाधारक नोकर आहे, आणि तेथेंच धोका आहे. समजा, परदेशीं राहणाऱ्या सूनबाईंनीं घरच्या हंड्यास दोरा गुंडाळून घेर मोजला आणि तो व्यासाच्या जागीं भरला. घेर व्यासाच्या ३.१४ पट असतो. सर्व्हर निमूटपणें तिप्पट रुंद हंडा काढून देईल. तांबट मात्र हंसून विचारील, ‘‘बाई, यांत न्हाणार कीं पाणी भरणार?’’ दहा लिटरांचा हंडा वीस लिटरांचा करावयाचा, म्हणून कोणी सगळीं मापें दुप्पट केलीं, तर हंडा ऐंशी लिटरांचा होतो! वस्तुतः प्रत्येक माप १.२६ पट पुरतें. त्याच जाडीचा पत्रा सुमारें १.५९ पट लागतो.

हे विवेकाचे प्रश्न सर्व्हरनें विचारावे असें वाटत असेल, तर ते आधीं कोणी तरी नियमांत लिहिले पाहिजेत. पोटाहून गळा रुंद नको, बूड इतक्याहून अरुंद नको, या मर्यादा गणितज्ञास ठाऊक नसतात. ठोकतां ठोकतां तांबें कडक होतें, मग तें तापवून मऊ करावें लागतें; कोणता आकार ठोक्यास मानवेल हें ज्ञान हातोडीजवळ बसूनच मिळतें.

स्टीलचीं भांडीं घरोघर आल्यापासून तांबटांचें काम घटलें. ज्याच्या हातांत हें माप आहे त्याचा हात थांबला, तर पुढें उत्तम सर्व्हर मिळेल, पण त्यांत घालावयास नियम मिळणार नाहीं. म्हणून आमची सूचना अशी: आपल्या घरांत अभियांत्रिकी शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर सुटींत वही घेऊन तांबटाच्या दुकानीं बसावें. हंडा, घागर, गंगाळ यांचीं मापें आणि त्यांमागचीं कारणें त्याच्या तोंडून उतरून घ्यावीं. त्यांवरून घडलेल्या नियमावर तांबटाचें नांव घालावें आणि त्यांतून येणाऱ्या कामांत त्याचा वांटा राखावा. आंकडे सर्व्हरनें मोजले, तरी भांडें सोनगीरच्या हातांनींच ठोकलें जावें, एवढीच आमची इच्छा आहे.