बिऱ्हाड हलविताना शाळेचा विचार

वार्षिक परीक्षा आटोपल्या म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी काही पालक कचेरीत येऊ लागतात. कोणाची बदली झालेली असते, कोणास चाकणच्या कारखान्यात काम मिळालेले असते, कोणी पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरलेली असते. कारणे निरनिराळी असली तरी बहुतेकांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेले असते : "घर पाहून झाले, आता मुलांकरिता एखादी चांगली शाळा पाहावयाची." या वाक्यातील क्रम आम्हास पटत नाही, आणि 'चांगली' या शब्दाचा जो अर्थ मनात धरलेला असतो, तोही बहुधा अपुराच असतो. आज या विषयावर चार शब्द पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आमच्या मनात आहे.

गाव सोडताना मोठ्या माणसाचे थोडे सुटते, मुलाचे फार सुटते. वडिलांस नव्या ठिकाणी ओळखीचा धंदा असतो, आईस संसाराचे ओळखीचे काम असते. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाचे मात्र गल्ली, सवंगडी, खेळाचे मैदान आणि त्याचे अक्षर पाहताच त्यास ओळखणारे शिक्षक, हे सारे एकाच दिवशी मागे पडते. बाहेरगावाहून आमच्या वर्गात आलेली मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. पहिले कित्येक आठवडे उत्तर ठाऊक असूनही त्यांचा हात वर होत नाही. अशा वेळी शहराबरोबरच शिकण्याची भाषा बदलली, पुस्तके बदलली, परीक्षेची पद्धतही बदलली, तर हुशार मूलदेखील आपण मंद आहो असे मानू लागते. म्हणून आमचे मत असे आहे की, परगावी गेलेल्या मुलाच्या दृष्टीने चांगली शाळा तीच, जिच्यात त्याचे कमीत कमी तुटते आणि जिच्यात कोणी तरी त्याच्याकडे लक्ष देते. शाळेचे नाव, इमारत आणि पोषाख हा विचार त्यानंतरचा.

कुटुंब हलल्यामुळे शाळा बदलणे ही काही आजची गोष्ट नव्हे. १८६६ साली गंगाधरपंत टिळकांची रत्नागिरीहून पुण्यास बदली झाली, तेव्हा लोकमान्य दहा वर्षांचे होते. परंतु या बाबतीत अधिक विचार करण्याजोगे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे काही वर्षांनी सुभेदार रामजी मुलांस घेऊन मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहिले. भीमराव आधी मराठा हायस्कुलात व नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टनचे नाव त्या काळी केवढे मोठे! पण त्याच शाळेत ते फळ्याकडे जाऊ लागताच फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी ते काढण्यासाठी धाव घेतली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांस फारशी घ्यावी लागली. उलट चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे लक्ष गेले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. म्हणजे भीमराव त्यांचे विद्यार्थीही नव्हते. त्यांनी त्या मुलास पुस्तके दिली, मॅट्रिकनंतरच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्दही टाकला. नामांकित शाळा काय देऊ शकते व काय देऊ शकत नाही, हे यावरून पालकांनी ताडून पाहावे.

आता व्यवहाराकडे वळू. पहिला प्रश्न मंडळाचा. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळे असली तरी अभ्यासक्रम एकच आहे. लातूरच्या मुलाने सहामाहीनंतर पुण्याच्या राज्य मंडळाच्या शाळेत पाऊल ठेवले, तर त्याच्या दप्तरातील बालभारतीचे पुस्तक तेथेही चालते. ही केवढी सोय आहे याची पालकांस कल्पना नसते. केंद्रीय मंडळ, म्हणजे ज्यास सर्वजण सीबीएसई म्हणतात ते, वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु तेथील मांडणी निराळी आहे. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित व भूमिती यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या; केंद्रीय मंडळात गणिताची प्रश्नपत्रिका एकच. राज्य मंडळाच्या २०१८ साली निघालेल्या दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना आहे. तशी मांडणी केंद्रीय मंडळाच्या पुस्तकांत नाही. वर्षारंभही सारखा नसतो : २०२५ साली केंद्रीय मंडळाच्या शाळा एप्रिलात सुरू झाल्या, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यास. मे महिन्यात बिऱ्हाड हलविणाऱ्याचे मूल एकीकडे वेळेवर पोहोचते, दुसरीकडे दीड महिना मागे पडते. ज्या पालकांची बदली दर तीन वर्षांनी निरनिराळ्या प्रांतांत होते, त्यांनी केंद्रीय मंडळच धरून राहावे हे रास्त आहे. ज्यांस एकदाच हलावयाचे आहे, त्यांनी शेजाऱ्याचे पाहून मंडळ बदलू नये.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. मराठीतून आठवीपर्यंत शिकलेल्या मुलास शहरात नेऊन एकदम पूर्ण इंग्रजी माध्यमात घालणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास पुराच्या पाण्यात उतरविणे होय. त्यास इतिहासही कळेनासा होतो, कारण इतिहासाची अडचण नसून वाक्याची अडचण असते. मराठी शाळांतून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची जी सेमी-इंग्रजी सोय आहे, ती अशा मुलांस पायरीसारखी उपयोगी पडते. उलट, परप्रांतांतून महाराष्ट्रात येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला आहे. मराठीची अक्षरओळख नसलेल्या मुलास शाळा कशी सांभाळून घेते, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

तिसरा प्रश्न वेळेचा. हलणे आपल्या हाती असेल तर ते नववी व दहावी यांच्यामध्ये करू नये. केंद्रीय मंडळात विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच होते, आणि थेट दहावीत प्रवेश मिळणे फार कठीण असते. राज्य मंडळात मार्ग काहीसा सोपा असला तरी मुलाच्या मनावरचा भार तेवढाच असतो. आठवीच्या आरंभी किंवा दहावीनंतर हलणे बरे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे दहावीनंतर शहर बदलणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. वडिलांस आधी जावे लागले, तर वर्ष संपेपर्यंत बाकीच्या कुटुंबाने मागे राहण्यात काही कमीपणा नाही.

चौथा प्रश्न अंतराचा, आणि येथेच "घर आधी, शाळा मग" हा क्रम आम्हास खटकतो. घर मोशीस घ्यावयाचे आणि मुलास नावाजलेल्या शाळेसाठी पुण्याच्या पेठेत धाडावयाचे, असे करणारे लोक आहेत. जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास गेले असे धरू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १००० तास अध्यापन सांगितले आहे. २२० दिवस अडीच तास म्हणजे ५५० तास झाले! वर्षभराच्या शिकण्याच्या निम्म्याहून अधिक वेळ मूल गाडीत काढणार. या तासांचे शुल्क कोणत्याही पावतीवर छापलेले नसते. ते झोपेतून, खेळातून आणि अवांतर वाचनातून वसूल होते. शिवाय दूरच्या शाळेतील मित्र संध्याकाळी खेळावयास मिळत नाहीत, आणि नव्या शहरात तर मित्रांचीच गरज सर्वांत मोठी असते. म्हणून शाळा व घर एकाच वेळी पाहावे. आणि दोहोंत कमीजास्त करावयाचे असेल, तर एक खोली कमी घ्यावी पण शाळा चालत जाण्याजोगी निवडावी.

कागदपत्रांविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला यावयास उशीर झाला, एवढ्या कारणावरून सरकारी वा अनुदानित शाळेस प्रवेश अडवून ठेवता येत नाही; तसेच प्रवेशासाठी देणगी मागणे किंवा मुलाची व पालकांची परीक्षा घेणे यांसही त्यात मनाई आहे. मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या, आणि नववी-दहावीस तर तो लागूच नाही. म्हणून गाव सोडण्यापूर्वी दाखला हाती घ्यावा, आणि त्यावरील नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. दुसरी गोष्ट शाळेच्या मान्यतेची. काही शाळांच्या पाटीवर केंद्रीय मंडळाच्या नावापुढे 'पॅटर्न' हा शब्द जोडलेला असतो. त्या एका शब्दात पुष्कळदा सारे काही असते : शाळेस त्या मंडळाची संलग्नता नसते, आणि हे पालकास नववीच्या नोंदणीच्या वेळी कळते. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक व मंडळाचा संलग्नता क्रमांक लेखी मागावा. प्रामाणिक शाळेस याचा राग येत नाही.

शाळा पाहावयास जाल तेव्हा सभागृह व संगणकाची खोली हौसेने दाखविली जाईलच. आपण आणखी तीन गोष्टी पाहाव्या : मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे काय, ग्रंथालयातील पुस्तके मुलांच्या हाती जाऊन जुनी झाली आहेत की कपाटात नवीच राहिली आहेत, आणि मधल्या सुटीत एकटे बसलेल्या मुलाशी कोणी शिक्षक बोलतो की नाही. जाताना मुलास बरोबर न्यावे आणि परत येताना त्याचे मत विचारावे. निर्णय वडीलधाऱ्यांचा असला तरी ज्यास तेथे रोज जावयाचे आहे, त्याचा शब्द वगळून तो घेऊ नये.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही शहरात जातो ते मुलांस वरचे शिक्षण मिळावे म्हणूनच, मग जुनेच धरून बसावयाचे तर जावयाचे कशाला?" हा आक्षेप खरा आहे. पण चढावयास जिना असतो तो एक एक पायरीने चढण्यासाठी. पहिले वर्ष मुलाचे पाय स्थिर होऊ द्यावे. त्याची कुवत व आवड पाहून मग पुढचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाच घरातील मुलगा भरमसाट शुल्क देऊन नावाच्या शाळेत जातो, आणि मुलगी "लांब नको, खर्च नको" म्हणून मिळेल त्या शाळेत जाते. कधी कधी तर तिला आजीच्या सोबतीस गावीच ठेवले जाते. जवळची शाळा चांगली, असे आम्ही वर म्हटले आहे. पण जवळची असेल तर ती दोघांसही चांगली, आणि दूरची आवश्यक असेल तर ती दोघांसही आवश्यक. भावासाठी एक माप आणि बहिणीसाठी दुसरे, हा न्याय नव्हे. स्थलांतराच्या धांदलीत असा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून तो येथे स्पष्ट लिहिला आहे.

शेवटी विद्यार्थ्यांस एक सांगणे. तुमच्यापैकी जे यंदा दुसऱ्या गावी जाणार आहेत, त्यांनी पहिल्या आठवड्यातच एक तरी प्रश्न मोठ्याने विचारावा; बोली निराळी म्हणून कोणी हसेल, तर ते हसणे चार दिवसांचे असते. आणि जे येथेच राहणार आहेत, त्यांच्या वर्गात जूनमध्ये एखादे नवे तोंड दिसेलच. त्यास आपल्या बाकावर जागा द्या, मधल्या सुटीत त्याच्यासमोर आपला डबा उघडा. पालकांनी शाळा कितीही पारखून निवडली, तरी ती त्या मुलाची शाळा होणे हे तुमच्याच हाती आहे.