सातबारा त्याचा, जोखीम तिची

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, नदीकाठच्या जमिनी खरवडून निघाल्या, दावणीची जनावरे वाहून गेली. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. हेक्टरी किती मिळणार यावर पुष्कळ चर्चा झाली. पैसे घरात कुणाच्या हातात पडणार यावर फारशी झाली नाही. पैसे खातेदाराचे, आणि खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो.

हल्ली परिसंवादांतून ‘जोखीम व्यवस्थापन’ हा शब्द फार ऐकू येतो. गावातल्या बाईला तो माहीत नसेल, पण काम तिचेच आहे. कपाशी गेली तरी घरात डाळ यावी म्हणून तुरीच्या ओळीचा आग्रह तिचा. बियाणे राखेत मळून गाडग्यात राखून ठेवणारी ती. शेळ्या-कोंबड्या तिच्या, आणि अडीअडचणीला आधी विकली जाते ती शेळीच. मग डोरले गहाण पडते. मग ती एक वेळ कमी जेवते, थोरल्या मुलीची शाळा सुटते. कोरडवाहू शेतीचा खरा विमा इतकी वर्षे हाच आहे, आणि त्याचा हप्ता बाई आपल्या अंगावर भरते.

‘अंगावर’ हा अलंकार नव्हे. बीडची कोरडवाहू कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल कोयत्यावर मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. खाडा झाला की दंड. पाळीमुळे खाडे नकोत म्हणून बाया गर्भाशयच काढून टाकतात, हा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. नापिकीचा धक्का शेवटी कुठवर पोचतो ते इथे दिसते.

आता सरकारी विम्याकडे पाहू. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता खरिपाच्या अन्नधान्याला आणि तेलबियांना संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता, शिवाय शेतकरी ओळख क्रमांक. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीला बांधलेला. दुसऱ्याची जमीन कसत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार आणा म्हणतात. परित्यक्तेला एकरभर जमीन बटईने देणारा मालक असा करार करून देईल? कूळ लागेल या धास्तीने तो तोंडी बोलीच्या पुढे जात नाही.

कर्जाची तऱ्हा याहून वाईट. सातबारा नाही म्हणून बँक तिला पीककर्ज देत नाही. मायक्रोफायनान्सवाला मात्र आपण होऊन घरी येतो, कारण त्याला तिची सही आणि शेजारणींची हमी पुरते. त्या पैशाचे खत-बियाणे नवऱ्याच्या नावच्या शेतात पडते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या मुख्यतः पीककर्जाच्या होत्या. म्हणजे माफी त्याच्या कर्जाला, आणि तिचा हप्ता चालूच.

यावर ‘बाईचे नाव सातबाऱ्यावर लावा’ हे आपले जुने उत्तर आहे, आणि ते बरोबरच आहे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायांचे अधिवेशन भरवले, पुढे लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच. या गतीने आजच्या बाईच्या नातसुनेची पाळी येईल. आणि ज्या घरात जमीनच नाही, तिथे नाव लावायचे कशावर?

म्हणून आमचे म्हणणे असे, की मालकीची लढाई चालू ठेवावीच, पण संरक्षण कसणुकीला जोडावे. यात नवे काही नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कुळे, बटईदार, शेतमजूर या साऱ्यांना ‘शेतकरी’ म्हटलेच आहे. आंध्र प्रदेशाने २०११ साली कायदा करून, मालकाच्या हक्काला धक्का न लावता, खंडकऱ्यांना कर्जासाठी ओळखपत्रे दिली. अंमल लंगडा झाला हे खरे. पण मालकाचे भय आणि कसणाऱ्याचा हक्क यांचा मेळ कागदावर घालता येतो, एवढे त्यातून दिसले.

आपल्याकडे ग्रामसभेने कसणाऱ्यांची यादी करावी, बटईने कसणाऱ्या बायांसह. तिच्यावरून विमा आणि नुकसानभरपाई मिळावी, भरपाई पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जावी. ‘गावात भांडणे लागतील’ असे पुढारी म्हणतील. कोण कुठले शेत कसते हे गावात कुणाला ठाऊक नाही? मात्र ही ग्रामसभा एप्रिल-मेमध्ये, खरिपाच्या तोंडावर घ्यावी. दिवाळीनंतर घेतली, तर ज्या बायांची नावे लागायला हवीत त्या उसाच्या फडात असतील.